पाच जागा, सहा कामं: रीलोडिंग प्रेसवर अ‍ॅक्सेसरीज कशा आणि कुठल्या क्रमाने बसवाव्यात

टेक्सासमधल्या एका मराठी नेमबाजाने विचारलंय ते थोडक्यात असं. युएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या मॅचेस सुरू केल्यापासून ९ एमएमची काडतुसं विकत घेणं खिशाला जड जायला लागलं, म्हणून त्यांनी वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरायची (रीलोडिंगची) डिलन कंपनीची एक्सएल ७५० प्रेस घेतली. सोबत केस आपोआप पुरवणारा इलेक्ट्रिक केस फीडर, पावडर तपासणारा पावडर चेक आणि बुलेट पुरवणारा बुलेट फीडरही घेतला. बुलेट फीडरला जागा नाही म्हणून तो खोक्यातच आहे, बाकी सगळं त्यांनी एका शनिवार-रविवारात चढवलं. आता दर दहा-पंधरा हँडलला काहीतरी अडतं. प्रायमर आडवा बसतो, शेलप्लेटवर पावडर सांडलेली दिसते, पावडर चेकचा बझर उगाच ओरडतो. यातली कुठली वस्तू खराब निघाली? बुलेट फीडरसाठी पावडर चेक काढला तर चालेल का? आणि जाता जाता तिसरा प्रश्न: पुढच्या महिन्यात पुण्याला जाताना मित्रांसाठी रिकाम्या केस नेल्या तर चालतील का?

आधी शब्दांचं पाहू. मराठीत आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो आणि इथे तेवढ्याने भागत नाही. केस म्हणजे पितळी नळकांडं (डोक्यावरचे केस नव्हेत), तिच्या बुडाशी ठोक्याने पेटणारा प्रायमर, आत पावडर, तोंडाशी बसवलेली बुलेट. हे चारही मिळून काडतूस होतं. प्रेसवर केस धरणारी फिरती चकती म्हणजे शेलप्लेट, ती वरखाली नेणारा दांडा म्हणजे रॅम, केसवर एकेक काम करणारे साचे म्हणजे डाय, आणि त्या डाय ज्यात बसतात तो वरचा भाग म्हणजे टूलहेड.

माझ्या मते तुमची एकही वस्तू खराब नाही. तुम्ही तीन अनोळखी गोष्टी (प्रेस, केस फीडर, पावडर चेक) एकाच वेळी जोडल्या आणि आता कोण कोणाला बिघडवतंय ते कळेनासं झालंय. पावडर सांडली की तिचे दाणे प्रायमर पुढे नेणाऱ्या स्लाइडखाली जातात आणि प्रायमर आडवा बसतो. तो नीट बसला नाही की तुम्ही हँडल अर्ध्यात थांबवता, आणि अर्ध्यात थांबवलेल्या हँडलमुळे पावडरचं माप बिघडतं. त्यावर बझर ओरडतो. बझर खरं बोलतोय, पण दोष तिथून तीन पायऱ्या मागे आहे.

म्हणून आता सगळं उतरवा. केस फीडरची मोटर बंद करा, पावडर चेक टूलहेडमधून काढा, आणि उघडी प्रेस हाताने एकेक केस घालून चालवा. ती सलग शंभर काडतुसं न अडखळता काढत नाही तोवर वर काहीही चढवू नका.

सुरुवात टेबलापासून करा. हँडल खाली ओढल्यावर टेबलाची कड पाव इंच जरी झुकत असली तरी प्रायमर बसवण्याचा अंदाज हाताला येत नाही, कारण तुमचा अर्धा जोर लाकूड वाकवण्यात जातो. पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर एकमेकांवर, आरपार बोल्ट, खाली रुंद वॉशर, आणि टेबल भिंतीच्या आतल्या खांबाला (स्टडला) अडकवलेलं, एवढं हवंच. लाकडी स्क्रू चालणार नाहीत, ते महिन्याभरात सैल होतात. केस फीडर बसला की प्रेसच्या डोक्यावर भरलेलं भांडं येतं. मग प्रेसचं वजन वरच्या बाजूला जातं आणि टेबल लटपटत असेल तर वरचं भांडं डोलायला लागतं.

मग शेलप्लेटचा मधला बोल्ट. प्लेट जेमतेम फिरायची थांबेल इतका आवळा, मग साधारण एक अष्टमांश फेरा सोडा. प्लेट मोकळी फिरली पाहिजे, पण बोटाने कड दाबली तर वरखाली हलता कामा नये. हे जमलं की बोल्टला धरून ठेवणारा छोटा सेट स्क्रू अ‍ॅलन कीने आवळा. हा स्क्रू विसरल्यामुळे बोल्ट हळूहळू उलटा फिरतो आणि दोनशे काडतुसांनंतर ‘आपोआप’ सगळं बिघडतं. असल्या तक्रारींमध्ये मी सगळ्यात आधी तिथेच पाना लावून बघतो.

पावडर सांडायचं मुख्य कारणही याच भागात आहे. ७५० मध्ये हँडल वर जाताना प्लेट आपणहून पुढच्या जागेवर सरकते आणि तिथे खालच्या छोट्या धातूच्या बॉलवर खट्‌कन थांबते. त्या झटक्याने भरलेल्या केसमधली पावडर उडते. केस काठोकाठ भरणाऱ्या फुगीर पावडरीत हे जास्त होतं. आधी हात सुधारा: हँडल परत नेताना शेवटचे दोन-तीन इंच हळू. तरीही उडत असेल तर त्या बॉलखालची स्प्रिंग थोडी मऊ करणं किंवा बोल्टखाली बेअरिंगचा किट बसवणं, हे दोन्ही उपाय उपयोगी पडतात. बेअरिंगची किंमत फार नाही. केस फीडर, पावडर चेक यांच्याही आधी मी ते सुचवेन.

आता डाय. एका वेळी एकच डाय बसवा आणि तिची लॉक रिंग आवळताना रॅम वर, केस डायच्या आत ठेवा, म्हणजे डाय केसच्या मध्याशी जुळून आवळली जाते. साइझिंग डाय (केस पुन्हा मूळ मापात आणणारी) शेलप्लेटला टेकेल इतकी खाली आणून किंचित मोकळी ठेवा. पावडर फनेलने केसचं तोंड किती उघडायचं? बुलेट तोंडावर ठेवल्यावर स्वतःच्या पायावर सरळ उभी राहिली आणि प्लेट फिरताना कलंडली नाही, की पुरे. तोंड मूळ व्यासापेक्षा इंचाच्या दहा-पंधरा हजारांश भागाने मोठं झालं म्हणजे झालं. जास्त उघडलंत तर पितळ लवकर फाटतं. कमी उघडलंत तर कोटिंगवाल्या बुलेटची साल निघते आणि बुलेट बसवणाऱ्या सीटिंग डायमध्ये तिचा चिकट थर साचत जातो.

बुलेट बसवण्याची खोली ठरवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. प्लेटवर एकच केस ठेवून डाय लावतात, मग पाचही जागा भरून चालवायला लागले की काडतुसाची लांबी इंचाच्या चार-पाच हजारांश भागाने बदलते, आणि मग डायला दोष देतात. पाचही जागांवर जोर आला की टूलहेड आणि प्लेट किंचित वेगळ्या वागतात, इतकंच. म्हणून शेवटची लांबी नेहमी प्लेट पूर्ण भरलेली असताना मोजा. ९ एमएमच्या काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच, पण तुमच्या बॅरलला किती चालते ते बॅरल काढून काडतूस त्यात टाकूनच ठरतं. ते ‘टण्‌’ आवाज करत आत पडलं पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटी केल्यावर आपणहून बाहेर आलं पाहिजे. क्रिंप म्हणजे ९ एमएमच्या बाबतीत केवळ उघडलेलं तोंड पुन्हा बंद करणं. व्हर्नियरने तोंडाशी ०.३७८ ते ०.३८० इंच आलं की हात आवरा. त्यापेक्षा जास्त आवळलं तर बुलेट घट्ट धरली जाईल असं वाटतं, पण घडतं उलटंच.

प्रायमरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण धोका इथेच आहे. डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय प्रेससमोर बसायचं नाही, आणि प्रायमरच्या नळीभोवतीचं धातूचं कवच काढून चालवायचं नाही. नळीत शंभर प्रायमर असतात. एक पेटला तर बाकीचे वाट बघत नाहीत. प्रायमर जाम झाला तर जोर लावू नका, हँडल मागे घ्या, आधी नळी रिकामी करा, मग जाम सोडवा. आडवे बसण्याची कारणं ठरलेली असतात. स्लाइडखाली पावडरचे दाणे, हे पहिलं. दुसरं म्हणजे जुना प्रायमर बाहेर ढकलणाऱ्या सुईला चिकटून पुन्हा खोबणीत ओढला जाणं. डायमध्ये स्प्रिंगवाली सुई नसेल तर हे होऊ शकतं. तिसरं कारण सैन्याच्या वापरलेल्या केस. त्यांच्या बुडावर वर्तुळात अधिकचं चिन्ह असतं आणि प्रायमरच्या खोबणीची कड दाबलेली असते. ती कापून काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ आत जाऊच शकत नाही. रेंजवरून उचललेलं पितळ वापरत असाल तर तुमच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे असेल. नीट बसलेला प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खोल असतो. बोट फिरवलं तर खळगा लागला पाहिजे, उंचवटा नाही.

आता पावडर मेजर, म्हणजे प्रत्येक केसला मापून पावडर देणारा भाग. रॅम पूर्ण खाली असताना पावडर बार (माप घेणारी सरकती पट्टी) पूर्ण मागे परतलेला दिसला पाहिजे, आणि तो परत आणणाऱ्या उभ्या सळईच्या टोकाच्या स्प्रिंगवर थोडा ताण असला पाहिजे. तिथला निळा नट ढिला राहिला तर बार अर्धा परततो आणि पुढच्या केसला कमी पावडर मिळते. हॉपर (वरची पावडरची टाकी) भरल्यावर पहिली वीसेक मापं परत हॉपरमध्ये ओता, कारण पावडर तोवर नीट बसत नाही. मग सलग दहा मापं एकत्र तोला आणि दहाने भागा. एकेक माप तोलून स्क्रू फिरवत बसलात तर काट्याच्या चुकीचा पाठलाग करत राहाल. हे वजन ग्रेनमध्ये असतं, ७००० ग्रेनचा एक पौंड. काटा रोज सुरू करताना ठरावीक वजनाने तपासा. किती ग्रेन घालायचे हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. पावडर आणि बुलेट बनवणाऱ्यांच्या छापील तक्त्यातला सुरुवातीचा आकडा घ्या, वरचा नाही. युएसपीएसएच्या मायनर (कमी जोराच्या काडतुसांच्या) गटात बुलेटचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००, हे १२५ झालं की पुरतं. १४७ ग्रेनची बुलेट ८९० च्या वेगाने गेली तरी १३० च्या वर भरतं. त्यापलीकडे पावडर जाळून हाती काही लागत नाही.

उघडी प्रेस अशी शंभर काडतुसं शांतपणे देऊ लागली की केस फीडर चढवा. ९ एमएमला लहान पिस्तुलाची फिरती थाळी लागते. मोठी बसवलीत तर केस उलट्या पडतात किंवा दोन-दोन येतात. थाळी आणि भांड्याच्या कडेत केस अडकल्यावर मोटर घसरून फिरावी यासाठी क्लच असतो. तो फार घट्ट केलात तर अडकलेली केस चेपते, आणि फार ढिला ठेवलात तर भांडं भरलेलं असताना थाळी फिरतच नाही. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. नळी भरली की मोटर थांबवणारा स्विच वरच्या तोंडाशी असतो. मोटर अखंड फिरत राहिली तर तोच सरकलेला असतो. केस शेलप्लेटमध्ये ढकलणारा हात किती पुढे येतो ते रॅम खालच्या टोकाला नेऊन बघा: केस खाचेत पूर्ण गेली पाहिजे, पण ढकलणाऱ्याने ती वाकडी करता कामा नये. तिथे अर्धा मिलिमीटर कमी पडला तर साइझिंग डायच्या कडेवर केस चेपते. ९ एमएमच्या पितळात .३८० कॅलिबरच्या आखूड केस मिसळलेल्या असतात. फीडर त्या बिनतक्रार पुढे पाठवतो. केस आधी चाळून, निवडून घ्या. निवडताना आतल्या बाजूला पायरी असलेल्या केस दिसल्या तर सरळ भंगारात टाका, त्या पायरीपाशी फाटतात. कार्बाइड डायला एरवी वंगण लागत नसलं तरी केसवर लॅनोलिन आणि अल्कोहोलचा हलका फवारा मारा. ९ एमएमची केस निमुळती आहे, फवाऱ्याने हँडलला लागणारा जोर कमी होतो आणि त्याबरोबर प्लेटचे झटकेही कमी होतात.

आता पावडर चेक. तो काय करतो ते समजलं की बझर शत्रू वाटत नाही. तिसऱ्या जागेवर केस वर आली की एक सळई तिच्यात उतरते आणि पावडरवर टेकते. पावडर जितकी उंच तितकी सळई उंच. वर एक खाच असते. सळई योग्य उंचीवर असेल तर स्विच खाचेत पडतो आणि गप्प राहतो, उंची चुकली की बझर वाजतो. म्हणजे तो वजन मोजत नाही, उंची मोजतो, आणि तीही ढोबळ. दशांश ग्रेनचा फरक त्याला कळणार नाही. पावडर पडलीच नाही किंवा दोनदा पडली, हे मात्र त्याने सांगितलंच पाहिजे. तो लावताना प्लेट पूर्ण भरा, तोललेलं माप असलेली केस तिसऱ्या जागेवर आणा, रॅम वर नेऊन खाच स्विचसमोर येईल अशी सळई ठरवा. मग तीन परीक्षा: रिकामी केस, नेहमीची, दुप्पट पावडरची. पहिल्या आणि तिसऱ्याला वाजला आणि मधल्याला गप्प राहिला तर तो बरोबर लागलाय. तुमचा उगाच वाजतोय त्याचं कारण बहुधा मिसळलेलं पितळ. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केसची जाडी वेगळी, त्यामुळे त्याच वजनाची पावडर कुठे उंच दिसते, कुठे खाली. एकाच शिक्क्याच्या वीस केस घालून बघा. बझर शांत झाला तर निदान झालं.

एवढं झाल्यावर तुमचा खरा प्रश्न. प्रेसला जागा पाच. पहिल्यावर साइझिंग, दुसऱ्यावर प्रायमर आणि पावडर. उरल्या तीन, आणि कामं चार: पावडर तपासणं, बुलेट टाकणं, बुलेट बसवणं, क्रिंप. कोणाला तरी बाहेर बसावं लागणार. काही जण सुचवतात की पितळ आधीच साइझ करून घ्यावं म्हणजे पहिली जागा रिकामी होईल. होते, पण ती पावडरच्या आधी येते, तपासणीला काय कामाची? मार्ग दोनच राहतात. एक, तिसऱ्यावर पावडर चेक ठेवून बुलेट हाताने ठेवायची. दोन, चेक तिसऱ्यावर, बुलेट फीडर चौथ्यावर, आणि पाचव्यावर बसवणं व क्रिंप एकाच डायमध्ये. एकत्र डाय जॅकेटवाल्या (तांब्याचं आवरण असलेल्या) बुलेटला चालून जाते. कोटिंगवाल्याला ती त्रास देते, कारण बुलेट अजून खाली जात असतानाच केसचं तोंड बंद व्हायला लागतं आणि कोटिंग सोललं जातं. आठ जागांच्या मोठ्या प्रेसवर हा पेच पडत नाही, पण त्या प्रेसचे पैसे वेगळे.

पावडर चेक काढून तिसऱ्यावर बुलेट फीडर लावणारे बरेच आहेत, आणि वर दिवा लावून ‘आम्ही बघतो’ म्हणतात. मला ते पटत नाही. दुसऱ्या जागेवर पावडर पडली की पुढच्याच हँडलला फीडर तिच्यावर बुलेट टाकतो. आत डोकावायला मिळतो तो मधला निमिष, तोही हात बुलेटपासून मोकळा झाल्याने वेग वाढलेला असताना. हाताने बुलेट ठेवताना डोळे आपोआप केसच्या तोंडाकडे जातात, ही तपासणी फुकटात होते. टाइटग्रुपसारख्या दाट पावडरीचं दुप्पट माप ९ एमएमच्या केसमध्ये मावतं, वर सांडून तुम्हाला सावध करत नाही. तुम्ही आठवड्याला दोन-तीनशे काडतुसं उडवणार असाल तर हाताने ठेवूनही तासाला पाचशेच्या आसपास निघतात. बुलेट फीडर सध्या खोक्यातच राहू द्या.

पुढे कधी लावलात तर त्याच्यासोबत पायरीचा पावडर फनेल घ्या. तो केसच्या तोंडात बुलेटला बसायला छोटी बैठक करतो, नुसत्या घंटेसारख्या उघडलेल्या तोंडात यंत्राने टाकलेली बुलेट कलते. बुलेट सोडणारी डाय एका वेळी पाव फेरा खाली आणा. एक सुटली आणि तिच्यामागची वर अडली, तिथे थांबा.

काहीही अडलं, हँडल अर्ध्यात राहिलं, फोन वाजला, तर एकच नियम: दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवरच्या केस बाहेर काढा, पावडर हॉपरमध्ये ओता, पुन्हा सुरू करा. रिकाम्या आणि दुप्पट भरलेल्या केस बहुतेक अशाच थांब्यानंतर तयार होतात. पावडर न पडलेलं काडतूस उडवलं तर प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकते, आणि पुढची गोळी बॅरल फोडू शकते. मॅचमध्ये आवाज फुसका आला तर ट्रिगर दुसऱ्यांदा दाबायचा नाही.

टेबलावर पावडरचा एकच डबा, तोही जो वापरताय तो. काम संपलं की हॉपर रिकामा करून पावडर मूळ डब्यात, नाहीतर प्लास्टिक पिवळं पडतं आणि महिन्याने आत काय होतं तेच आठवत नाही. वापरलेल्या प्रायमरच्या धुळीत शिसं असतं, म्हणून शेजारी चहा नको आणि हात थंड पाण्याने धुवा. स्वतःपुरती काडतुसं बनवायला अमेरिकेत केंद्रीय परवाना लागत नाही, पण क्लबमधल्या मित्राला विकायची असतील तर टाइप ०६ चा (काडतुसं बनवण्याचा केंद्रीय) परवाना लागतो. घरात साठवायची मर्यादा तुमच्या राज्यात आणि शहरात वेगळी असू शकते, ती एकदा बघून घ्या.

पुण्याचं. रिकाम्या केस नेऊ नका, शोभेच्या म्हणूनही नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात, म्हणजे परवान्याशिवाय ही प्रेसही तिकडे नेता येणार नाही. आणि रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एखादं काडतूस तुम्हाला दिसत नाही, विमानतळावरच्या एक्स-रेला दिसतं. दुसरी बॅग नसेलच, तर निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक खिसा उलटा करून, अस्तरावरून बोटं फिरवून बघा.